घर आणि हिशेब : नवख्या गृहमांडणीकाराने दर कसा ठरवावा?



बेंगळुरूहून आलेले एका वाचक भगिनीचे पत्र माझ्यासमोर आहे. माहेर बेळगावचे, सासर मल्लेश्वरमचे, वय पस्तिशीच्या आतबाहेर. विक्रीला काढलेली घरे नीट मांडून देण्याचा व्यवसाय त्यांनी गेल्या वर्षी सुरू केला. पहिले काम ओळखीतूनच आले. सासूबाईंच्या एका मैत्रिणीचे दोन शयनगृहांचे, अकराशे चौरस फुटांचे घर चार महिने रिकामे पडून होते. यजमान वारलेले, मुले परदेशी. काकू मुलीकडे राहावयास गेलेल्या. आमच्या भगिनीने घर झाडून-पुसून घेतले, भाड्याने फर्निचर आणले, घरचे पडदे, दिवे आणि चित्रे लावली, छायाचित्रे काढवून घेतली. सहा आठवड्यांत सौदा ठरला. काकूंनी तोंडभरून कौतुक केले आणि ठरलेले २५,००० रुपये हाती ठेवले. रात्री भगिनी हिशेबाला बसल्या, तेव्हा खर्चाची बेरीज निघाली २५,५०० रुपये!

त्या लिहितात : “काम मनासारखे झाले आणि पदरचे पाचशे रुपये घालून मी घरी आले. हे सांगू तरी कोणाला? घरात सगळे म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे, व्यवसाय म्हणून नको. आता दुसरे काम विचारावयास आले आहे. ‘किती घ्याल?’ असे समोरच्याने विचारले की माझी जीभ अडखळते. मी काय सांगू?”

प्रश्न एका भगिनीचा असला तरी घरातल्या कौशल्याला बाजारात घेऊन जाणाऱ्या प्रत्येकीचा आहे. म्हणून या महिन्याचे हे सदर त्या उत्तरासाठीच ठेवले आहे.

प्रथम या व्यवसायाविषयी दोन शब्द. इंग्रजीत याला ‘होम स्टेजिंग’ म्हणतात. अमेरिकेत सिअॅटलच्या परिसरात १९७२ साली बार्ब श्वार्ट्झ या बाईंनी ही कल्पना प्रथम रूढ केली असे मानले जाते. भाषांतराचे काम करणारी म्हणून मी या शब्दाशी बराच वेळ झटले. ‘गृहसजावट’ हा शब्द हाताशी आहे. पण तो येथे लागू पडत नाही. सजावट राहणाऱ्याच्या आवडीसाठी असते. येथे मात्र घर अजून न पाहिलेल्या परक्या माणसाला ‘येथे आपण राहू शकू’ असे वाटावयास हवे. त्यासाठी पुष्कळदा वस्तू आणण्याऐवजी काढून टाकाव्या लागतात. म्हणून मी ‘गृहमांडणी’ म्हणते. अमेरिकेतील स्थावर मालमत्ता दलालांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२५ च्या पाहणीत, घर घेणाऱ्यांच्या बाजूने काम करणाऱ्या दलालांपैकी ८३ टक्के जणांनी सांगितले की, मांडलेल्या घरात आपले भावी घर पाहणे गिऱ्हाइकाला सोपे जाते. तिकडे हा व्यवसाय अर्ध्या शतकाचा झाला आहे. आपल्याकडे तो अजून रांगत आहे, आणि म्हणूनच त्याचा रूढ असा दर नाही.

बेंगळुरू हे मात्र त्याला अनुकूल शहर आहे. १८९८ च्या प्लेगच्या साथीनंतर वसवलेल्या मल्लेश्वरम आणि बसवनगुडीपासून अलीकडच्या उंच इमारतींपर्यंत, मुले परदेशी आणि घर कुलूपबंद अशी कुटुंबे तेथे गल्लोगल्ली आढळतात. भाड्याने फर्निचर देणाऱ्या फर्लेन्को (२०१२) आणि रेन्टोमोजो (२०१४) या कंपन्या याच शहरात जन्मल्या. पडद्यांच्या कापडाला चिकपेट, फुलांना कृष्णराजेंद्र मार्केट आहेच. तेव्हा सामानाची वाण नाही. वाण आहे ती हिशेबाची.

भगिनींचा हिशेब कोठे चुकला ते पाहू. त्यांनी कागदावर लिहिलेला अंदाज असा होता : एक महिन्याचे फर्निचरभाडे ६,००० रुपये, टेंपो २,५००, दोन हमाल २,०००, घराची कसून सफाई ४,५००, छायाचित्रकार ४,०००, दिवे व विजेची किरकोळ दुरुस्ती १,५००, फुले व इतर ५००, एकूण २१,०००. त्यावर आपले म्हणून ४,००० रुपये ठेवून त्यांनी २५,००० सांगितले. चूक अशी की, जे सामान जाते ते परतही येते! घर विकले गेल्यावर तोच टेंपो आणि तेच हमाल पुन्हा लागले. त्याचे ४,५०० झाले. त्यात त्यांचे ४,००० गेले आणि वर पाचशे रुपये पदरचे गेले.

पण भगिनींनो, ही धाकटी चूक आहे. परतीचा टेंपो लक्षात राहिला असता, तरी मिळणार होते काय? चार हजार रुपये! त्यासाठी भगिनींनी किती तास दिले? मी पत्राने विचारले, तेव्हा त्यांनी आठवून यादी पाठवली. पहिली पाहणी २ तास, आराखडा ३, सामानाची निवड ४, प्रत्यक्ष मांडणी ८, छायाचित्रांच्या वेळी हजेरी २, आवराआवर ४, दूरध्वनी व हिशेब २. एकूण २५ तास. खर्चाच्या कागदावर या पंचवीस तासांना एकही ओळ नव्हती. हमालाची मजुरी लिहिली होती, सफाईवाल्याची लिहिली होती. स्वतःची लिहिली नव्हती.

हा दोष मी दुसऱ्याच्या डोळ्यांतले कुसळ म्हणून दाखवीत नाही. बी. ए. होऊन मी भाषांतराची बाहेरची कामे घेऊ लागले, तेव्हा एका पुस्तिकेचा दर पानामागे ठरवला आणि मनातल्या मनात पाने मोजून खूश झाले. पुढे तीन वेळा दुरुस्त्या झाल्या, दोनदा पूर्ण मुद्रिते तपासली, चार खेपा घातल्या. शेवटी तासाची मिळकत काढली, तेव्हा ती मी देत असलेल्या रिक्षाभाड्याहून कमी भरली. काम देणाऱ्याने फसवले नव्हते. दर मीच सांगितला होता.

तर मग दर ठरवावा कसा? चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी स्वतःच्या तासाची किंमत. महिन्याला स्वतःच्या हाती किती पडावयास हवेत ते प्रथम ठरवा. आमच्या भगिनींनी ४०,००० रुपये हा आकडा सांगितला. त्यात व्यवसायाचा कायमचा खर्च मिळवा : सामान ठेवण्याच्या खोलीचे भाडे ६,०००, प्रवास ४,०००, दूरध्वनी व जाहिरात ३,०००, विमा, हिशेबनीस व किरकोळ ३,०००, म्हणजे १६,०००. एकूण ५६,०००. आता महिन्याचे तास. बावीस दिवस, रोज सात तास धरले तर दीडशेच्या वर तास होतात. परंतु ते सगळे विकले जात नाहीत. नवी कामे शोधणे, बाजार पाहणे, न ठरलेल्या कामांसाठी भेटी देणे यांत निम्मा वेळ जातो. म्हणून ८० तासच धरा. ५६,००० ला ८० ने भागले की तासाचे ७०० रुपये येतात. हा आकडा ऐकून पुष्कळ भगिनी दचकतात. पण त्यातले २०० खोलीभाडे, प्रवास इत्यादींचे आहेत; हाती पडतात ५००, आणि तेही विकल्या गेलेल्या तासांचेच. पंचवीस तासांचे मोल झाले १७,५०० रुपये.

दुसरी पायरी रोख खर्चाची. जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही धरून वरच्या कामात तो २५,५०० झाला. येथे बेंगळुरूतील काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. अनेक गृहसंकुलांत सामान चढवण्या-उतरवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, रविवारी मनाई असते, कोठे त्याचे शुल्कही घेतात. गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी मालवाहू गाड्यांना बंदी असते. टेंपो फाटकाबाहेर तीन तास उभा राहिला, तर त्याचे पैसे कोणाच्या तरी खिशातून जाणारच.

तिसरी पायरी घरच्या वस्तूंच्या झिजेची. पडदे, दिवे, सतरंज्या, उशा, चित्रे, पितळी भांडी असा भगिनींचा साठा सुमारे ६०,००० रुपयांचा आहे. “ते तर घरचेच होते,” असे त्या लिहितात. घरचे असले तरी ते फुकट आलेले नव्हते, आणि दर खेपेला पडद्याला एक सुरकुती नि दिव्याला एक ओरखडा पडतोच. पंधरा कामांत हा साठा बदलावा लागेल असे धरले, तर प्रत्येक कामावर ४,००० रुपये घालावयास हवेत. हे पैसे खर्चू नयेत, निराळे ठेवावेत. सोळाव्या कामाचे पडदे त्यांतून यावयाचे आहेत.

चौथी पायरी अडीअडचणीची. १७,५००, २५,५०० आणि ४,००० मिळून ४७,००० झाले. त्यावर दहा टक्के, म्हणजे ४,७०० रुपये, फुटतूट आणि अकल्पित खर्चासाठी धरा. बेरीज ५१,७००, सांगावयाचा आकडा ५२,०००.

म्हणजे जे काम भगिनींनी २५,००० ला केले, त्याचे खरे मोल दुपटीहून अधिक होते. येथे वाचक विचारतील, “एवढे पैसे देईल कोण?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर घरमालकाच्या बाजूला जाऊन शोधावयास हवे. समजा, त्या घराला महिना ३५,००० भाडे आले असते आणि संकुलाचा देखभालखर्च ४,००० आहे. मग ते घर रिकामे राहिले की मालकाचे दर महिन्याला ३९,००० रुपये जातात. काकूंचे घर चार महिने पडून होते. म्हणजे १,५६,००० गेलेच. मांडणीचे ५२,००० म्हणजे रिकाम्या घराचा एक महिना आणि दहा दिवस. मांडणीमुळे विक्री त्याहून अधिक लवकर होण्याची आशा असेल, तर हा खर्च परवडतो; नसेल तर परवडत नाही. चांगल्या वस्तीतील, मागणीचे, वाजवी किमतीचे घर आठवड्यात जाणार असेल, तर तसे मालकाला सांगून टाकावे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा सौदा आपण कोणाच्या गळ्यात मारू नये. घर लवकर विकले जाईल अशी हमीही देऊ नये. किंमत, वस्ती, कागदपत्रे यांवर आपला हात चालत नाही.

ज्या मालकाला ५२,००० झेपत नाहीत त्याच्यासाठी निराळी सोय ठेवावी. दर उतरवण्यापेक्षा काम कमी करावे. दोन तास घर पाहून, दीड तासात लेखी यादी करून द्यावी : हे कपाट हलवा, ही भिंत पांढरी करा, येथे अधिक प्रकाशाचा दिवा लावा, देवघरासमोरची अडगळ काढा. साडेतीन तासांचे सुमारे २,५०० रुपये होतात. मालक घरच्या माणसांकडून ते करून घेतो. नवख्या व्यावसायिकाला तर हे काम वरदानच होय. त्यात टेंपो नाही, साठा नाही, फुटतूट नाही, आणि अनुभव मात्र पुरेपूर मिळतो. पहिल्या वर्षी महिन्याला तीन मोठी कामे मिळतील अशी अपेक्षा कोणीही धरू नये. रिकामे दिवस या छोट्या कामांनी भरावेत. त्यांची भरपाई एकट्या गिऱ्हाइकाच्या बिलातून करू नये.

काही जण चौरस फुटामागे दर सांगतात, काही विक्रीच्या किमतीवर टक्केवारी मागतात. पहिली रीत झटपट अंदाजाला ठीक आहे; परंतु अकराशे फुटांचे रिकामे घर आणि अकराशे फुटांचे चाळीस वर्षांच्या सामानाने भरलेले घर यांत अंतर किती, हे आवरणाऱ्यालाच ठाऊक. टक्केवारी तर टाळावीच. ती दलालाची रीत आहे, आणि स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्याने दलालांसाठी नोंदणीची निराळी व्यवस्था घालून दिली आहे. शिवाय विक्री लांबली तर आपला टेंपोवाला थांबत नाही.

आता नाजूक भाग, आप्तस्वकीयांचा. “अगं, तू तर आमच्या घरचीच, तुझ्याशी कसला भाव करायचा!” हे वाक्य ऐकून नवखी भगिनी विरघळते. प्रेम खरे असते, त्यात शंका नाही. म्हणूनच सवलत द्यावी, पण ती कागदावर दिसू द्यावी. बिलात पूर्ण ५२,००० लिहावेत, खाली ‘आरंभीची सवलत ५,०००’ लिहावे आणि बाकी ४७,००० घ्यावेत. त्याबदल्यात छायाचित्रे दाखवण्याची परवानगी आणि चार ओळींचे शिफारसपत्र मागावे. अशी सवलत पहिल्या तीन कामांपुरतीच असावी. काकूंनी चार ठिकाणी नाव सांगितले, तर त्या ५२,००० चे काम म्हणून सांगतील; आज त्या २५,००० चे म्हणून सांगत आहेत, आणि दुसरे काम त्याच आकड्याची आशा धरून आले आहे. सवलत कितीही द्यावीशी वाटली, तरी एक तळाचा आकडा मनाशी पक्का असावा. रोख खर्च, झीज आणि अडीअडचण मिळून ३४,२०० होतात. त्याच्या खाली गेलात, तर ती सवलत राहत नाही. तुमच्या संसारातून दुसऱ्याच्या घराला दिलेली ती वर्गणी ठरते.

पैसे कधी घ्यावेत? निम्मे ठरावाच्या दिवशी, उरलेले मांडणी पूर्ण होताच, छायाचित्रे हाती देण्यापूर्वी. पहिल्या हप्त्याच्या २६,००० मध्ये रोख खर्च भागतो, म्हणजे उसनवारी करावी लागत नाही. मांडणी किती दिवसांसाठी, हेही लिहून घ्यावे. तीस दिवसांनंतर घर तसेच ठेवावयाचे असेल, तर फर्निचरभाड्याचे ६,००० आणि झिजेचे २,००० असे महिना ८,००० रुपये अधिक. मोडतोड झाल्यास कोणी भरावयाचे, तेही त्याच कागदावर.

कराविषयी थोडेसे. केवळ सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण जमा २० लाखांच्या आत असेल, तर कर्नाटकात सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही. आणि नोंदणी नसताना तो कर बिलात लावताही येत नाही. महिन्याला तीन कामे वर्षभर मिळाली, तर जमा १८,७२,००० होते. म्हणजे मर्यादा वाटते तितकी दूर नाही. ती ओलांडली की १८ टक्के दराने ५२,००० वर ९,३६० रुपये चढतात, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावयास हवे. म्हणून फर्निचरवाल्याचे व सफाईवाल्याचे बिल मालकाने परस्पर चुकते करावे, ही रीत पुष्कळदा सोयीची पडते. आपल्या खात्यावर दुसऱ्याचे पैसे फुगत नाहीत. गृहांतर्गत सजावटीच्या व्यवसायाला जमेचा निम्मा भाग उत्पन्न मानून आयकर भरण्याची सवलत आहे. पण ज्याच्या जमेतला मोठा वाटा खर्चातच जातो, त्याला ती तोट्याची ठरू शकते. हिशेबनिसाला विचारूनच ठरवावे. ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू असून ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

ऋतूंचाही विचार असू द्या. कर्नाटकात आषाढात आणि पितृपक्षात घराचे नवे व्यवहार पुष्कळ कुटुंबे टाळतात. उगादी, म्हणजे आपला पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा यांच्या सुमारास मागणी वाढते. मंद महिन्यांत दर पाडू नये. पडदे धुवावेत, साठा दुरुस्त करावा, तेजीच्या महिन्यांतली शिल्लक पुरवून वापरावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथे जोराचा पाऊस होतो आणि भिंतींना ओल येते. येथे एक गोष्ट बजावून सांगते. मालक म्हणेल, “या ओलीवर मोठे चित्र लावा.” तसे करू नये. घर प्रसन्न दाखवणे हे आपले काम. दोष लपवणे नव्हे. समोरचे कुटुंब आयुष्याची पुंजी त्या भिंतींत घालणार असते. ओल दुरुस्त करावी किंवा उघडी ठेवावी. हे न मानणाऱ्या मालकाचे काम सोडले, तर एका बिलाचे नुकसान होईल. व्यवसायाचे होणार नाही.

आता त्या भगिनींना उत्तर. ताई, दूरध्वनीवर लगेच आकडा सांगूच नका. “घर पाहिल्याशिवाय मी दर सांगत नाही, पाहणीनंतर दोन दिवसांत लेखी अंदाज देते,” एवढेच म्हणा. घरी या, चार पायऱ्या कागदावर मांडा, आणि कागद तसाच द्या. कागदाची जीभ अडखळत नाही. मालक ‘जास्त होते’ म्हणाले, तर विचारा की, यांतले कोणते काम कमी करू? आणि त्या कागदावर सर्वांत वर, टेंपोच्या आणि हमालाच्याही वर, पहिली ओळ लिहा : माझे काम, २५ तास.

घरातल्या मंडळींनाही तोच कागद दाखवा. छंद आणि व्यवसाय यांतला भेद त्यांना त्या एका ओळीवरून कळेल. दुसऱ्या कामाचा हिशेब आला की आम्हांला अवश्य कळवा. तोटा झाला तरी कळवा. इतर भगिनींना तो नफ्याइतकाच उपयोगी पडेल.